चालत पाच मिनिटं

आमच्या नात्यागोत्यात माणसाच्या नावामागे स्टेशन लागतं. नालासोपाऱ्याची मावशी, बदलापूरचे काका, कामोठ्याची वहिनी, दिव्याचा दादा. गावी गणपतीला सगळे जमले की गप्पांचा पहिला तास गाड्यांवरच जातो. कुणाला पनवेलहून बसायला मिळतं, कुणाकडे गाडी कर्जतहूनच भरून येते. एके काळी ही सगळी मंडळी करी रोड स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर एकाच चाळीत राहत होती. तेव्हा त्यांच्यातल्या फारच थोड्यांना रोजच्या रोज गाडी पकडावी लागे. बाबा गिरणीत चालत जायचे. भोंगा झाला की चपला घालायच्या, दुसरा भोंगा व्हायच्या आत फाटकात. गाडी होती ती गावी जाताना दादरपर्यंत किंवा रविवारी कुणाकडे जायला.

हल्ली कुठलंही शहरविषयक धोरण उघडा, त्यात एक वाक्य हमखास सापडतं: रेल्वे आणि मेट्रो स्थानकांच्या परिसरात परवडणाऱ्या घरांना प्रोत्साहन द्यावं. मला ते पटतं. आयुष्यातली वीसेक वर्षं डोंबिवली ते फोर्ट अशी उभ्याने काढलेल्या बाईला न पटून कसं चालेल? पण "प्रोत्साहन" दिल्यावर पुढे काय होतं हे आम्ही दोन-तीन पिढ्या पाहत आलो आहोत. म्हणून त्या वाक्यावर नुसती मान डोलवून पुढे जाववत नाही.

गिरणगाव कुणी असा नकाशा मांडून वसवलं नव्हतं. गिरण्या आल्या, मागोमाग कोकण-घाटावरची माणसं आली, मालकांनी आणि घरमालकांनी जमेल तिथे चाळी उठवल्या. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारला जाग आली आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. त्या खात्याची आद्याक्षरं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या चाळींना आजही चिकटलेली आहेत: बीडीडी. खोली १६० चौरस फुटांची, मोरी-संडास सामाईक. त्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारी माणसं होती. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या लेखनाचा मला कंटाळा आहे, कारण ते लिहिणाऱ्यांना संडासाची रांग आठवत नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, हातावर पोट असलेल्या माणसाला झेपेल अशा भाड्यात राहता येत होतं.

ते भाडं झेपत राहिलं ते १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे. भाडी १९४० च्या पातळीला गोठली. त्याचे परिणाम सगळ्यांना ठाऊक आहेत. मालकांनी डागडुजी सोडली, जिने लाकडी टेकूंवर आले, पागडी, म्हणजे भाड्याच्या खोलीचा हक्क रोख रकमेवर दुसऱ्याला देण्याचा, समांतर बाजार उभा राहिला, आणि दर पावसाळ्यात कुठली तरी इमारत कोसळते. कायदा वाईट होता असं अर्थशास्त्र शिकलेले लोक सांगतात, आणि इमारतींची अवस्था पाहिली तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण परळ-लालबागसारख्या मोक्याच्या जागी गरीब माणूस एवढी वर्षं टिकला तो याच कायद्याच्या आधाराने. त्याला तिथे टिकवणारी दुसरी कुठलीही योजना त्या काळात नव्हती.

माझ्या आईची गोष्ट सांगते, कारण या विषयावरच्या अहवालांत ती सापडत नाही. आई खाणावळ चालवायची. एकट्या राहणाऱ्या दहा-बारा गिरणी कामगारांचं दोन वेळचं जेवण. गिरणगावात हा बायकांचा मोठाच व्यवसाय होता. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे जवळीक. जेवणारा पाळी संपवून चालत येणार, ताट वाढलेलं असणार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आईचे जेवणारे एकेक करून गावी गेले. काही वर्षांनी बाबांनी खोली सोडली. पागडीच्या पैशांत डोंबिवलीला वन रूम किचन आलं, स्टेशनापासून शेअर रिक्षाने जायच्या अंतरावर. घर मोठं झालं, संडास घरात आला. आईने भिंतीवरून हात फिरवून पाहिलेला मला आठवतो.

आणि तिची कमाई संपली. स्वयंपाक ती विसरली नव्हती. पण डोंबिवलीत सकाळी सातला सगळी इमारत रिकामी होते आणि रात्री नऊला दमून परत येते. इथे दुपारी जेवायला येणार कोण? बाबा दादरच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. म्हणजे आमच्या घरात आधी दोन कमावते होते आणि प्रवास शून्य होता. नंतर एक कमावता आणि दिवसाचे साडेतीन तास प्रवास. घर परवडलं का? कागदावर परवडलं.

गिरण्यांच्या जमिनीचं पुढे काय झालं ते महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत आहे, तरी आपल्या विषयाच्या अंगाने ते पुन्हा पाहायला हवं. मध्य मुंबईत सुमारे ६०० एकर जमीन, दोन्ही बाजूंना रेल्वे. पश्चिम रेल्वेवर लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड. मध्य रेल्वेवर करी रोड, परळ, चिंचपोकळी. स्टेशनाजवळ स्वस्त घरं बांधायला देशात याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतलं ५८ क्रमांकाचं कलम त्या दिशेने होतंही. जमिनीचे तीन वाटे: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची व्हायची. शेड उभी होती त्या जमिनीची नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. वाट्याला यायचं ते आक्रसलं. जागा तीच, गाड्या त्याच, स्टेशनं तीच. एका कलमातले दोन-चार शब्द फिरले आणि त्या जागेवर कोण राहणार ते ठरलं.

मग तिथे मॉल आले, काचेची ऑफिसं आली, दहा-दहा मजले नुसत्या गाड्या ठेवायचे मनोरे आले. आणि त्या ऑफिसांत काम करायला, मॉलमध्ये पहारा द्यायला, कँटीनमध्ये भांडी घासायला माणसं कुठून येऊ लागली? डोंबिवली, नालासोपारा, बदलापूर, दिवा इथून. पुष्कळदा तर तिथून निघून गेलेल्यांचीच मुलं. ज्या स्टेशनांवर कामगार पूर्वी फारसे उतरतच नव्हते, कारण ते शेजारीच राहत होते, त्या अरुंद स्टेशनांवर आता दोन्ही रेल्वेमार्गांची गर्दी ओतू लागली. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्या दिवशी पाऊस होता, पूल अरुंद होता, अफवा पसरली, हे सगळं खरं. पण वीस-पंचवीस वर्षं त्या परिसरात काम वाढत गेलं आणि काम करणाऱ्यांची घरं दूर दूर जात राहिली, हेही त्या पुलावरच्या गर्दीचं कारण होतं. नवा पूल बांधायला लष्कराला बोलवावं लागलं. घरं बांधायला कुणाला बोलवायचं?

माझी मुलगी नगररचना शिकली आहे. तिच्याशी माझे वाद होतात. तिचं म्हणणं असं, की स्टेशनाजवळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ती मर्यादा, वाढवा, उंच बांधू द्या, घरं वाढली की भाव आपोआप उतरतील. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. मुंबईत कित्येक वर्षं शहरात १.३३ आणि उपनगरांत १ एवढाच एफएसआय होता. स्टेशनाला लागून तीन मजली इमारत आणि स्टेशनापासून दहा किलोमीटरवर शेतात सात मजली, असा उफराटा कारभार आपण करून ठेवला. पुण्यात आता मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत एफएसआय देण्याची तरतूद आहे. मेट्रो बांधायची आणि तिच्या दाराशी बंगले ठेवायचे याला काही अर्थ नाही, इथपर्यंत आमचं जमतं.

त्यानंतर मात्र फाटतं. कारण वाढीव एफएसआयची बातमी घर घेणाऱ्याच्या आधी जमिनीच्या मालकाला कळते. मेट्रोचे खांब उभे राहायच्या आधी, नुसते पत्रे लागले तरी, दलालाच्या पाटीवर "मेट्रोपासून चालत पाच मिनिटं" येतं आणि भाव वर जातो. वाढीव बांधकामासाठी पालिकेला प्रीमियम भरायचा, तो घराच्या किमतीत. एवढी महागडी जमीन घेऊन बिल्डर पाचशे फुटांची घरं बांधत नाही; तो पोडियम, क्लब आणि दोन गाड्यांची जागा असलेली घरं बांधतो, आणि ती घेणारा माणूस मेट्रोने जातोच असं नाही. वर, मुंबई-पुणे-ठाणे-नागपुरात एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्काच्या जोडीला एक टक्का मेट्रो अधिभार आहे. तो घर घेताना सगळ्यांनाच भरावा लागतो. स्टेशनाशेजारी टॉवरमध्ये घेणाराही भरतो आणि मेट्रोचं तोंड कधी पाहणार नाही असा माणूसही भरतो. मेट्रोमुळे ज्याच्या पडीक जमिनीचं सोनं झालं, तो ती विकेपर्यंत मजेत बसून असतो.

मुलगी म्हणते, "आई, नवी महाग असली तरी जुनी घरं त्यामुळे स्वस्त होतात." हे मी डोंबिवलीत डोळ्यांनी पाहते आहे, आणि उलट होताना पाहते आहे. पूर्वेला स्टेशनाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन-चार मजली इमारती आहेत. लिफ्ट नाही, रंग उडालेला, पाणी सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या मजल्यावरचं वन रूम किचन म्हाताऱ्या मालकांना चढवत नाही, म्हणून ते भाड्याने जातं. तिथे कोण राहतं? नर्सिंगच्या मुली चौघी मिळून, साड्यांच्या दुकानातली सेल्समन मंडळी, रात्री उशिरा सुटणारे कॉल सेंटरवाले. स्टेशनाजवळचं खरंखुरं परवडणारं घर हे आहे आणि ते कुठल्याही योजनेत मोजलेलं नाही. पुनर्विकासात पहिल्या घासाला हीच इमारत जाते. जागी येतो बावीस मजल्यांचा टॉवर, घरांची संख्या दुप्पट-तिप्पट होते, नोंदीत "स्थानक परिसरात घरांची वाढ" लिहिता येतं. त्या नर्सिंगच्या मुली टिटवाळ्याला गेलेल्या असतात. मूळ मालकांपैकी काही जण तर नव्या इमारतीचा महिन्याचा मेन्टेनन्स ऐकूनच घर विकतात.

कायदेशीर बाजार ज्यांना जागा देत नाही त्यांना बेकायदा बाजार देतोच. स्टेशनाला खेटून, स्वस्त, लगेच ताबा: दिव्याला हे सगळं मिळतं. आमचा दादा तिथेच राहतो. इमारत अनधिकृत आहे हे घेताना ठाऊक होतं आणि तरी घेतली, कारण त्याच्या पगारात तेवढंच बसत होतं. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींनी खोट्या कागदपत्रांवर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणीच मिळवल्याचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथल्या लोकांनी बँकेची कर्जं काढून घरं घेतली होती. लोकलच्या दारात लटकणारी माणसंही हीच. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडून मेली तेव्हा टीव्हीवर दारं बंद होणाऱ्या डब्यांची चर्चा झाली. घरांची झाली नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बाईंना काहीच होणं शक्य वाटत नाही. तसं नाही. नवी मुंबईकडे पाहते तेव्हा शक्य काय होतं आणि काय आहे ते दिसतं.

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १७ मार्च १९७० ला स्थापन झालं. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी साठच्या दशकात मांडलेली कल्पना अशी होती, की खाडीपलीकडची जमीन सरकारने आधीच घ्यावी आणि शहर वसल्यावर तिचा जो भाव वाढेल त्यातून त्याच शहराची घरं, रस्ते, रेल्वे बांधावी. भाव वाढणार हे गृहीत धरून तो वाढलेला पैसा कुणाच्या खिशात जाईल याचा आधीच विचार केलेला. नवी मुंबईच्या रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला. भारतात असं फार कुठे घडलेलं नाही.

याला एक बाजू आहे जी स्टेशनाच्या इमारतींचं कौतुक करणारे सांगत नाहीत. ती जमीन आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती, ९५ गावांची, आणि पडत्या भावात घेतलेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. म्हणजे स्वस्त घराची किंमत कुणी तरी दिलीच होती. त्यामुळे त्या जमिनीवर पुढे काय बांधलं जातं याचा हिशेब जास्तच कडक व्हायला हवा.

वाशीला ऐंशीच्या दशकात सिडकोची जेएन टाइपची लहान घरं घेणारी मंडळी माझ्या ऑफिसात होती. तेव्हा त्यांना लोक हसायचे. वाशीला कोण जातं? पूल आणि बस, बाकी काही नाही. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून गाडी वाशीला आली, पुढच्या वर्षी बेलापूरपर्यंत आणि १९९८ पर्यंत पनवेलला. घर आधी आलं होतं, रेल्वे मागून आली, त्यामुळे रेल्वेने चढवलेला भाव त्या कारकून-शिक्षकांना भरावा लागला नाही. उलट त्यांना मिळाला. त्या इमारतींचं प्लास्टर पुढे कोसळत राहिलं, पुनर्विकासासाठी त्यांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले, ते वेगळं. पण माझ्या ओळखीतली कारकुनी पगारावर स्टेशनाजवळ म्हातारी झालेली माणसं बहुतेक तिथलीच आहेत. त्यांच्या बायका नोकऱ्या करत राहिल्या. पाळणाघरातून मूल घेऊन सातला घरी पोचता येत होतं, एवढं साधं कारण.

आता नेमकी त्याच सिडकोने स्टेशनांच्या दारात घरं बांधायला काढली. मानसरोवर, खांदेश्वर, खारघर, बामणडोंगरी, खारकोपर या स्थानकांसमोरची मोकळी मैदानं, बस टर्मिनल, वाशीचं ट्रक टर्मिनल. जी जागा वर्षानुवर्षं उन्हात तापणाऱ्या मोटारी ठेवायला वापरली, तिथे माणसं राहणार. कल्पना म्हणून मला ही फार आवडली. २०२४ च्या ऑक्टोबरात २६ हजार घरांची योजना जाहीर झाली आणि पुढे किमती जाहीर झाल्या. तळोज्यात दुर्बल घटकासाठी २५ लाखांपासून, बामणडोंगरीला ३२ लाखांच्या आसपास, वाशीच्या ट्रक टर्मिनलवर अल्प उत्पन्न गटासाठी ७४ लाख, खारघर स्थानकाजवळ ९७ लाख. ही यादी नीट पाहिली तर तो बऱ्याच अंशी रेल्वेपासूनच्या आणि मुंबईपासूनच्या अंतराचा नकाशा आहे. वाशीच्या घरासाठी ६५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ५६ हजारांवर जातो. महिन्याला ५६ हजार हप्ता फेडणाऱ्या माणसाचं उत्पन्न अल्प म्हणायचं असेल तर माझ्या ऑफिसातले सगळे दारिद्र्यरेषेखाली होते.

बामणडोंगरीचं गणित थोडं बरं आहे. केंद्र आणि राज्याचं मिळून अडीच लाखांचं अनुदान धरून २७ लाखांचं कर्ज काढलं, हप्ता साडेतेवीस हजार. वर्षाला सहा लाख मिळवणाऱ्या कुटुंबाला ओढून-ताणून जमेल. पण दुर्बल घटकांची मर्यादा सहा लाख याचा अर्थ महिना पंचवीस हजारवालाही त्यातच. त्याच्यासाठी विकत घ्यायचं घर, मग ते कितीही "परवडणारं" असो, मुळात योग्य नाही. त्याला भाड्याचं घर हवं, आणि सरकारने भाड्याची घरं बांधणं कधीच सोडून दिलं आहे. एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना आणली होती. बिल्डरला ४ एफएसआय मिळाला, भाड्याची कल्पना मात्र बारगळली. त्यातलीच पनवेलजवळच्या कोन इथली घरं, दोन-दोन खोल्या जोडून, २०१६ साली गिरणी कामगारांच्या सोडतीत घातली गेली.

स्टेशनांसमोरच्या या घरांना आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला. पार्किंग जाईल, गर्दी होईल, पाण्यावर ताण येईल. पाण्याचा मुद्दा खरा आहे आणि तो सोडवल्याशिवाय इमारती उभ्या करणं हा बेजबाबदारपणा आहे. विरार-बोळींजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं विक्रीविना पडून राहिली त्यात पाण्याचा वाटा मोठा होता. पार्किंगबद्दल मात्र मला सहानुभूती नाही. स्वतः वीस वर्षांपूर्वी स्टेशनाजवळ घर घेतलं म्हणून पुढच्या माणसाला गर्दी म्हणायचं, हे आमच्या कामोठ्याच्या वहिनीच्या तोंडूनही ऐकलं आहे. तिच्या घराच्या दोन खिडक्या त्या मैदानाकडे उघडतात. यावरून तिचं-माझं वाजलं, आणि पुढच्या गणपतीतही वाजेल.

घर स्टेशनापासून तोडलं तर काय होतं ते माहुलने दाखवलं. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवून लोकांना माहुलला पाठवलं, रिफायनऱ्यांच्या शेजारी. घर पक्कं, फुकट, २२५ चौरस फूट. लोक आजारी पडले, कामं सुटली. चालत जाण्यासारखं स्टेशन नाही आणि बसची वाट पाहायची. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिथे कुणाला सक्तीने पाठवू नका, दुसरीकडे सोय करा नाहीतर भाडं द्या, असं सांगितलं. तिथली हजारो घरं ओस पडली. पुढे महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली, तर प्रतिसाद नावापुरता. मुंबईत साडेबारा लाखांना घर, आणि घ्यायला माणूस नाही.

आणि हे सगळं घडून गेल्यावर गिरणी कामगारांसाठी ८१ हजार घरं कुठे सुचवली? शेलू आणि वांगणी. कर्जत लाइनवर, मुंबईपासून ऐंशी-एक किलोमीटर. स्टेशनं आहेत ना, मग झालं! ९ जुलै २०२५ ला म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते मुंबईतच घर हवं म्हणून. टीव्हीवर कुणी तरी म्हणालं की आता सत्तरीतल्या माणसाला परळला राहून करायचंय काय. त्यांच्या मुला-सुना-नातवंडांना करायचंय. त्यांची कामं तिकडे आहेत. पावणेदोन लाखांच्या घरात अर्ज आहेत आणि आजवर घरं मिळालेली पंधरा-सोळा हजार. पण ती मिळालेली घरं पाहा. १ मार्च २०२० च्या सोडतीत वडाळा आणि लोअर परळमधल्या गिरण्यांच्या जागेवरची ३,८९४ घरं होती, किंमत साडेनऊ लाख. लोअर परळला, टॉवरांच्या सावलीत, स्टेशनापासून चालत. वांगणीच्या घरासाठी कामगाराने भरायची रक्कमही साधारण तेवढीच सांगितली जाते. तेव्हा स्टेशनाजवळ स्वस्त घर देणं अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये. जमीन हातची सोडली नाही तिथे ते दिलेलं आहे.

अजूनही हातात आहे अशी जमीन थोडी नाही. बेस्टची २७ आगारं आहेत, सगळी वाहतुकीच्या नाक्यांवर. एसटीची स्थानकं गावोगावच्या मध्यावर आहेत. रेल्वेच्या जुन्या वसाहती आहेत. या सगळ्यांचा "व्यावसायिक विकास" करून तोट्यातला महामंडळांचा गाडा ओढायची बोलणी चालू असतात. तोटा खराच आहे, ड्रायव्हर-कंडक्टरांचे पगार थकतात. पण त्याच ड्रायव्हर-कंडक्टरांना पहाटे चारला आगारात हजर व्हायचं असतं आणि ते राहतात कल्याणच्या पुढे. माझं म्हणणं, आगाराच्या वर दोनशे-तीनशे लहान घरं बांधावी भाड्याने, महामंडळाच्या मालकीची, कधीही न विकायची. भाडं महामंडळाला, तळाला बस. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात पैसे सुटत नाहीत." मी म्हटलं, रस्त्यात तरी कुठे सुटतात, सागरी मार्गावर टोलही नाही. त्यावर तिने विषय बदलला.

माझी भाची पनवेलला एका रुग्णालयात परिचारिका आहे. नवरा भिवंडीच्या गोदामात. गेल्या वर्षी वांगणीला एका बिल्डरचं वन बीएचके त्यांना जमत होतं. सासऱ्यांचा आग्रह होता की भाडं म्हणजे पाण्यात पैसे, स्वतःचं घर ते स्वतःचं. तिने वहीत मांडणी केली. हप्ता, पास, दोन्ही टोकांच्या रिक्षा, रात्रपाळी संपल्यावर गाडी नसते तेव्हाची ओला, मुलाला संध्याकाळी कुणाकडे ठेवायचं त्याचे पैसे. रिक्षाचा आकडा पासाच्या दुपटीहून मोठा निघाला. शेवटी त्यांनी मानसरोवर स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर जुन्या इमारतीत तिसरा मजला भाड्याने घेतला, लिफ्ट नाही, अकरा महिन्यांचा करार. सासरे अजून बोलत नाहीत. करार जूनमध्ये संपतो आणि सोसायटीत पुनर्विकासाची सभा लागली आहे.